शिकाऊ डॉक्टरांच्या हाती कान द्यावा का?

या महिन्यातल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रश्नाभोवती घोटाळणारी आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात मोठी शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, आणि घ्यायचीच तर तिथे कोणाला काय विचारावे, हा तो प्रश्न. पुणेकरांना अशी रुग्णालये नवी नाहीत. ससूनची जुनी दगडी इमारत १८६७ सालची, तिथल्या बै. जी. वैद्यकीय शाळेचे महाविद्यालय झाले ते १९४६ मध्ये. लष्कराचे वैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे. आणि पुढच्या काळात धनकवडीपासून पिंपरीपर्यंत खासगी विद्यापीठांची मोठमोठी रुग्णालये उभी राहिली. मी स्वतः तीसहून अधिक वर्षे अशाच एका विभागात शिकवले आणि शस्त्रक्रिया केल्या. त्यामुळे या बाबतीत मी निःपक्षपाती आहे असा दावा करणार नाही. वाचकांनी तेवढी वजावट करून पुढचे वाचावे.

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची आहे. हाक मारली तर ती बघत नाही, मात्र मागे ताट वाजवले तर कधी कधी वळते. अंगणवाडीत आलेल्या तपासणी पथकाने आम्हाला पुण्याला पाठवले. तिथे बेरा चाचणी झाली आणि दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असे सांगितले. कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे आतल्या कानात ऐकण्याचे विद्युत उपकरण बसवण्याची, शस्त्रक्रिया वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ शकेल असे डॉक्टर म्हणाले. माझ्या सासूबाई म्हणतात, तिचे वडीलही तीन वर्षांनी बोलायला लागले होते, थांबून पाहू. दिरांचे म्हणणे असे की, तिथे विद्यार्थी हात साफ करून घेतात, एवढ्याशा पोरीच्या डोक्याशी खेळ नको. आम्ही काय करावे? — एक आई, मंचर

उत्तर : आधी सासूबाईंच्या म्हणण्याविषयी. उशिरा बोलणारी मुले असतात हे खरे, पण ती मुले ऐकत असतात. ‘बाबा कुठे आहेत?’ असे विचारले की दाराकडे बघतात, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज पलीकडच्या खोलीतून ओळखतात, फक्त बोलत नाहीत. तुमची मुलगी ताट वाजवल्यावर वळते ते कानामुळेच वळते असे नाही. ताट जमिनीजवळ वाजवले तर फरशीची थरथर पायांना कळते, आणि ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांची नजर इतकी तयार झालेली असते की भिंतीवरची सावली हलली तरी ती मान वळवतात. या वळण्यावर विसंबून अनेक घरांनी वर्षे वाया घालवलेली मी पाहिली आहेत. बेरा चाचणीत मूल झोपलेले असते, कानात आवाज सोडले जातात आणि श्रवणाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत उमटणारे विद्युत संकेत डोक्याला चिकटवलेल्या तारांवर नोंदले जातात. तिथे मुलाच्या मर्जीचा किंवा डॉक्टरांच्या मताचा फारसा प्रश्न उरत नाही. शंका असेल तर ती चाचणी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून घ्या. ‘थांबून पाहू’ हा सल्ला मात्र मनावर घेऊ नका.

घाईचे कारण कानात नाही, मेंदूत आहे. बोली शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त असते आणि त्या काळात आवाज पोचलाच नाही तर मेंदू ती जागा दुसऱ्या कामाला लावून मोकळा होतो. म्हणूनच दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या इम्प्लांटसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा घातलेली आहे. या योजनेचे काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालते. अंगणवाडीत आलेले पथक बहुधा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे असेल. त्यांनी दिलेला संदर्भाचा कागद जपून ठेवा, पुढे अर्ज करताना तो उपयोगी पडतो. मधल्या काळात काही महिने श्रवणयंत्र लावून पाहण्यास सांगतील. तो वेळकाढूपणा समजू नका, कारण यंत्राने पुरेसे ऐकू येत असेल तर शस्त्रक्रियेची गरजच राहत नाही. कर्णशंख (आतल्या कानातला शंखासारखा ऐकण्याचा अवयव) आणि श्रवणाची नस नीट घडलेली आहे ना, हे सीटी आणि एमआरआयवर पाहतात. न्यूमोकोकसची लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी टोचून झालेली असावी, कारण इम्प्लांट बसवलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा अधिक असतो.

आता दिरांच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो मी आयुष्यभर ऐकला आहे. निवासी डॉक्टर शस्त्रक्रियेत हात लावतात का? लावतात. तसे नाही असे जो सांगेल तो खरे बोलत नाही. पण ‘हात साफ करून घेणे’ म्हणजे तिथे प्रत्यक्षात काय चालते, ते समजून घ्या. एमबीबीएस झालेला डॉक्टर तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी विभागात येतो. कानामागच्या हाडावर ड्रिल चालवायला तो प्रथम शिकतो ते प्रयोगशाळेत, मृतदेहांच्या हाडांवर. देहदान करणाऱ्यांचे आपल्यावरचे हे ऋण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. मुंबई प्रांताने १९४९ साली शरीरशास्त्रविषयक कायदा केला तेव्हापासून महाविद्यालयांना अशा अभ्यासासाठी देह कायदेशीरपणे मिळू शकतात. त्यानंतर कित्येक महिने तो केवळ मदतनीस असतो. पुढे त्वचेचा छेद, टाके आणि हाडाचा वरवरचा भाग अशी कामे पायरीपायरीने त्याच्याकडे येतात. इम्प्लांटमधली खरी नाजूक जागा असते ती चेहऱ्याची नस आणि चवीची नस यांच्यामधली काही मिलिमीटरांची खिंड. तिच्यातून वाट काढून मधल्या कानात शिरायचे आणि कर्णशंखाच्या सुमारे अडीच वेढ्यांमध्ये तारेसारखी इलेक्ट्रोडची माळ हलकेच सरकवायची, हे काम वरिष्ठ शल्यविशारदाचेच असते. सूक्ष्मदर्शकातले दृश्य भिंतीवरच्या पडद्यावर सर्वांना दिसत असते. भूलतज्ज्ञ, परिचारिका, दोन-तीन निवासी डॉक्टर आणि बहुधा एखादा सहयोगी प्राध्यापक तिथे उभा असतो. माझा अनुभव विचाराल तर, ज्या खोलीत प्रश्न विचारणारे विद्यार्थी उभे असतात त्या खोलीत शस्त्रक्रिया करणारा जास्त जपून वागतो. एकट्याने काम करताना माणूस स्वतःला पटकन माफ करतो.

तेव्हा ‘विद्यार्थी असतील का?’ असे न विचारता युनिटप्रमुखांना सरळ विचारा : मुख्य शस्त्रक्रिया कोण करणार, त्यांनी आजवर किती इम्प्लांट बसवले आहेत, आणि शस्त्रक्रिया चालू असताना चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवणारे यंत्र वापरले जाते का? हे विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावले तर ते उत्तरही उपयोगाचे आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते, तीन-चार आठवड्यांनी जखम भरल्यावर बाहेरचे यंत्र लावून ते सुरू करतात, आणि त्यानंतर निदान दोन वर्षे मुलीला ऐकायला व बोलायला शिकवावे लागते. हे शिकवणार कोण? विभागात ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आणि स्पीच थेरपिस्ट (वाचा शिकवणारे) कायमचे आहेत का, की आठवड्यातून एकदा बाहेरून कोणी येते? मंचरहून दर आठवड्याला एसटीने येणे-जाणे म्हणजे अख्खा दिवस जातो आणि घरातल्या एकाची रोजी बुडते. थेरपिस्टना पहिल्याच भेटीत हे सांगा आणि तुम्हाला स्वतःला शिकवायला सांगा. चांगला थेरपिस्ट मुलाला जितके शिकवतो त्याहून अधिक आईला शिकवतो.

त्यातली एक गोष्ट आजच सांगून ठेवतो. यंत्र सुरू झाल्यावर रोज सकाळी मुलीच्या मागे, तिला तुमचे ओठ दिसणार नाहीत असे बसा आणि सहा आवाज एकेक करून काढा : म, ऊ, आ, ई, श, स. प्रत्येक आवाजाला तिने डब्यात एक मणी टाकायचा. या सहा आवाजांत बोलीतले जाड-बारीक सगळे स्वर येऊन जातात. सुरुवातीला ती बहुधा ‘आ’ ला मणी टाकेल आणि ‘स’ ला टाकणार नाही. काल ज्या आवाजाला मणी पडत होता त्याला आज पडला नाही, तर यंत्राची वायर, बॅटरी किंवा जुळणी यांत काहीतरी बिघडले आहे असे समजून त्याच आठवड्यात रुग्णालय गाठा. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत यंत्र सुरू होताच मूल हसते. प्रत्यक्षात बरीच मुले त्या दिवशी घाबरून रडतात. ती रडली तर निराश होऊ नका, आवाज पोचला असा त्याचा अर्थ आहे.

खर्चाबद्दल एक स्पष्ट सूचना. योजनेतून यंत्र मिळाले तरी बॅटऱ्या आणि वायरी वर्षानुवर्षे लागतात आणि मुले वायर चावतात, ओढतात, हरवतात. पावसाळ्यात दमटपणामुळे यंत्रे बंद पडतात, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवायचे असते. दर महिन्याला थोडी रक्कम यासाठी बाजूला टाका. उत्तम शस्त्रक्रिया होऊनही सुटे भाग परवडले नाहीत म्हणून यंत्र कपाटात पडलेले मी पाहिले आहे, आणि ते पाहणे फार जड जाते.

प्रश्न : माझ्या पतींचे वय ४६ असून ते रिक्षा चालवतात. त्यांचा उजवा कान बारा वर्षांपासून वाहतो, घाण वास येतो. सासरी लसणाचे तेल कोमट करून घालायची पद्धत आहे, त्याने काही दिवस बरे वाटते. आता महाविद्यालयाच्या रुग्णालयात ‘हाड सडले आहे’ असे सांगून पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली आहे. वर्षभराने कदाचित दुसरी शस्त्रक्रिया लागेल असेही म्हणाले. पहिलीच नीट का करत नाहीत? गेल्या आठवड्यापासून कान दाबला की घर फिरते असे ते म्हणतात. — एक वाचक भगिनी, हडपसर

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत आधी असायला हवे होते. कान दाबल्यावर चक्कर येणे याचा अर्थ, रोगाने आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नळीचे हाड पोखरलेले असू शकते. पाच आठवड्यांची तारीख दिली गेली तेव्हा हे लक्षण नव्हते, म्हणून ती तारीख काळ्या दगडावरची रेघ समजू नका. उद्याच्या उद्या केसपेपर घेऊन ओपीडीत जा, आणि आपल्या युनिटचा वार नसला तरी परत न फिरता तिथल्या निवासी डॉक्टरांना ‘कान दाबला की चक्कर येते’ एवढेच वाक्य सांगा. ते तुम्हाला बसवून घेतील. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, ताप येऊन मान आखडणे, असह्य डोकेदुखी किंवा गुंगी यांपैकी काही दिसले तर ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री अपघात विभागात न्या. रिक्षा मात्र आजपासून बंद.

‘हाड सडले’ ही आम्हा डॉक्टरांनीच रूढ केलेली, थोडी फसवी बोली आहे. रोगाचे नाव कोलेस्टिएटोमा. कानाच्या पडद्यावरची त्वचा आत ओढली जाऊन मधल्या कानात पिशवीसारखी साठते, तिच्या मृत पेशींचे थर वाढत जातात आणि ही पिशवी आजूबाजूचे हाड झिजवते. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांच्या साखळीपासून सुरुवात होते. रिकीब तर भाताच्या शितापेक्षाही लहान, जेमतेम तीन मिलिमीटरांची. वर मेंदूचे आवरण, मागे मोठी रक्तवाहिनी आणि मधून चेहऱ्याची नस, अशा शेजारात हा रोग राहतो. लसणाच्या तेलाने तो बरा होत नाही. तेलाने दुखणे काही काळ शमते आणि दरम्यान बारा वर्षे निघून जातात. आजपासून कानात काहीही घालू नका. अंघोळीच्या वेळी खोबरेल तेलात बुडवून पिळलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा.

दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल. या पिशवीचा कणभर तुकडा दिसेनासा राहिला तरी त्यातून रोग पुन्हा वाढतो, आणि तो वाढून दिसण्याजोगा व्हायला महिने लागतात. काही रुग्णांमध्ये कानाच्या नळीची मागची भिंत शाबूत ठेवून रोग काढतात. त्यात कानाची घडण टिकते, पण साधारण वर्षभराने आत डोकावून खात्री करावी लागते, किंवा विशिष्ट प्रकारच्या एमआरआयवर ती करता येते. दुसऱ्या पद्धतीत ती भिंतच काढून मोठी पोकळी करतात. त्यात दुसऱ्यांदा उघडण्याची वेळ सहसा येत नाही, पण ती पोकळी आयुष्यभर दर काही महिन्यांनी डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते आणि पाण्यापासून जपावी लागते. डॉक्टरांनी तुम्हाला दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता आधीच सांगितली, म्हणजे ते सावधपणे विचार करत आहेत. तुम्ही त्यांना सांगा की यजमान दिवसभर धुळीत रिक्षा चालवतात आणि वेळोवेळी तपासणीला येणे त्यांना कितपत जमेल. पद्धत निवडताना ही माहिती सीटी स्कॅनइतकीच उपयोगाची असते. ऐकू येणे सुधारेल का, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिले काम कान सुरक्षित आणि कोरडा करण्याचे आहे.

इथे माझ्या घरातलीच एक गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या बंधूंची अशीच शस्त्रक्रिया एका नावाजलेल्या रुग्णालयात झाली होती, उत्तम झाली होती. डिस्चार्ज कार्डावर तपासणीच्या रकान्यात ‘एसओएस’ एवढीच तीन अक्षरे होती, म्हणजे गरज वाटल्यास यावे. दुखत नव्हते, त्यामुळे दादांना गरज वाटली नाही. दोन वर्षांनी कान पुन्हा वाहू लागला तेव्हा पोकळी मळाने आणि रोगाने भरलेली होती. आश्चर्य याचे की, धाकटा भाऊ या विषयाचा प्राध्यापक असूनही त्याने एकदासुद्धा ते कार्ड मागून पाहिले नव्हते. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना ती तीन अक्षरे लिहू देत नसे. तुम्हीही घरी सोडताना पुढच्या तपासणीची नेमकी तारीख आणि युनिटचा वार कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

आणि एक बारीकशी गोष्ट. शस्त्रक्रियेच्या सकाळी उजव्या कानाजवळ पेनाने खूण करतात. केली नसेल तर आठवण करा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची जी सुरक्षायादी आणली तिच्यात रुग्णाचे नाव, बाजू आणि शस्त्रक्रिया भूल देण्याआधी पडताळण्याची सक्त सूचना आहे. पतींना त्यांचे नाव आणि कोणता कान, हे चौथ्यांदा विचारले तर त्यांनी वैतागू नये.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे आहेत. घोगरा आवाज आणि गिळताना त्रास होत होता. तपासणीत स्वरयंत्राचा कर्करोग बराच पुढे गेला असल्याचे आढळले आणि स्वरयंत्र संपूर्ण काढावे लागेल असे सांगितले आहे. ते पुन्हा बोलतील का? गळ्याला कायमचे छिद्र राहणार, ते घरी सांभाळायचे कसे? — एक मुलगा, दौंड

उत्तर : बोलतील, पण आधीच्या आवाजात नाही. हे त्यांना शस्त्रक्रियेपूर्वी, शुद्धीवर असताना, तुमच्यासमोर डॉक्टरांनी सांगितले पाहिजे. जागे झाल्यावर पाटीवर लिहून विचारण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये. सुरुवातीच्या अवस्थेत किरणोपचाराने स्वरयंत्र वाचवता येते, म्हणून हा निर्णय शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून घेतला आहे ना, एवढे विचारा. मोठ्या महाविद्यालयात हे सगळे विभाग एकाच आवारात असतात, हा तिथे जाण्याचा खरा फायदा.

संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८७३ साली केली. त्यानंतर शंभर वर्षे रुग्णांना मुख्यतः अन्ननलिकेत हवा घेऊन ढेकरेसारखा आवाज काढायला शिकणे किंवा गळ्याला लावायचे विजेचे यंत्र, एवढाच आधार होता. १९८० च्या सुमारास श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची छोटी झडप आली. छिद्रावर बोट ठेवले की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि आवाज निघतो. जरा खरखरीत, पण घरच्यांना फोनवर ओळखू येईल असा. ही झडप काही महिन्यांनी बदलावी लागते, तिचा खर्च आणि उपलब्धता आधी विचारून घ्या. अशी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या जुन्या रुग्णाशी वडिलांची गाठ घालून द्यावी अशी विनंती युनिटला करा. डॉक्टरांच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्या माणसाच्या ‘मी चहा पितो, बाजारात जातो’ या खरखरीत वाक्याचा उपयोग जास्त होतो.

छिद्राची निगा वॉर्डमधल्या सिस्टर शिकवतील. पहिले काही दिवस अन्न नाकातल्या नळीतून जाते, त्याच दिवसांत तुम्ही आणि आई दोघांनी शिकून घ्या. पहिल्या दिवशी सिस्टर करतील आणि तुम्ही बघाल. दुसऱ्या दिवशी तुम्ही कराल आणि सिस्टर बघतील. हात धुणे, सलाइनने ओला केलेला गॉज, कडेला वाळलेली खपली चिमट्याने हलकेच सोडवणे, नळीने कफ ओढताना आत जाताना ओढ बंद आणि बाहेर येताना सुरू. वडिलांना आरसा द्या. पहिल्यांदा ते तोंड फिरवतील. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःच आरसा धरतील आणि तिथून पुढे काम सोपे होते. नाकातून हवा जात नसल्याने वास कमी येतो आणि हवा कोरडीच आत जाते, म्हणून छिद्रावर ओलसर पातळ कापड बांधावे. विहिरीत किंवा नदीत उतरणे कायमचे बंद. एक चिठ्ठी त्यांच्या खिशात कायम ठेवा : ‘मी गळ्यातून श्वास घेतो, ऑक्सिजन गळ्याला लावा.’ रेल्वेत चक्कर येऊन पडले तर लोक त्यांच्या नाका-तोंडाशी धडपडत राहतील, म्हणून ही खबरदारी. आणि तंबाखूची डबी घरातून हलवा, तुमचीसुद्धा, ती असेल तर.

प्रश्न : खर्च, योजना आणि कागदपत्रे यांचा गोंधळ कसा टाळावा? सही घेताना कोणी काही समजावत नाही. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे, पण शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत असावी लागते आणि मंजुरी शस्त्रक्रियेआधी घ्यावी लागते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल असते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, नंतर वॉर्डात. पैसे भरून मग योजनेकडे वळणाऱ्यांची सर्वाधिक ओढाताण होते. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्या खोलीकडे लोक उगाच फिरकत नाहीत. यादीत न बसणाऱ्या खर्चासाठी ट्रस्टची मदत कुठून मिळू शकते हे त्यांनाच ठाऊक असते. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला तयार ठेवा.

सहीबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. संमतिपत्र रात्री दहाला, वॉर्डाच्या दारात, निवासी डॉक्टर घाईने पुढे करतो हे मी नाकारत नाही. एका शस्त्रक्रियेची संमती घेऊन, जिवावर बेतलेले नसताना, दुसरी करता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा मराठीतला नमुना मागा, रिकाम्या जागा भरल्याशिवाय सही करू नका, आणि ‘हे केले नाही तर काय होईल?’ हा प्रश्न जरूर विचारा. कागदपत्रांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

लहान मुलांच्या पालकांसाठी उपाशी ठेवण्याच्या वेळाही इथेच सांगतो, कारण शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. भुलेआधी जेवण आणि वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास बंद. ‘रात्री बारानंतर काही नाही’ असे सरसकट सांगितले गेले तर यादीत मुलाचा क्रमांक कितवा आहे ते विचारा आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. सीटीच्या फिल्म घडी न घालता मोठ्या पाकिटात आणा. घडीची रेघ नेमकी चेहऱ्याच्या नसेवरून गेलेली मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे.